निरंक अहवाल

बुळकांडी, गुरांचा तो जीवघेणा रोग, मी कधी पाहिली नाही. तरी नोकरीतली उमेदीची वर्षं तिलाच शोधत हिंडण्यात गेली. मी पशुधन पर्यवेक्षक. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, १ मे १९९९ पर्यंत आमचा सगळा कारभार परभणीच्याच नावावर. जवळा बाजार, शिरड शहापूर, हट्टा या पट्ट्यात फिरायचं, गोठ्यापुढं गाडी लावायची आणि विचारायचं: डोळ्यांतून घाण येतेय, तोंड सोललंय, पिचकारीसारखी हगवण लागलीय, असं जनावर कुठं दिसलं का? कोणाचं दगावलं का? गावातलं झालं की बाजाराच्या वाटेवर थांबून येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना तेच. संध्याकाळी वहीत तारीख, गाव, तपासलेली जनावरं, आणि शेवटच्या रकान्यात ‘निरंक’.

एका म्हाताऱ्यानं मला चांगलंच सुनावलं होतं. “सायब, ती आली असती तर तुमाला इचारत हिंडावं लागलं नसतं. येशीतूनच वास आला असता.” त्यानं लहानपणी बुळकांडीत घरची दावण रिकामी झालेली पाहिली होती. पेरणीच्या तोंडावर बैल गेले की ते वर्षही गेलं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

मग नसलेल्या रोगाची चौकशी कशासाठी? हे समजायला जवळा बाजारातून थेट बेल्जियममध्ये जावं लागतं.

१९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं वाटेत अँटवर्प बंदरात उतरवली. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली. युरोपानं हा रोग मोठ्या कष्टानं हद्दपार केला होता. १८६५ च्या साथीत इंग्लंडनं तर लाखो जनावरं घालवली होती. तोच रोग पुन्हा दारात पाहून सगळ्यांची गाळण उडाली. बेल्जियमनं बाधित जनावरं मारून साथ मोडली. १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी करार करून जनावरांच्या रोगांसाठी जागतिक कचेरी उघडली. कोणत्या देशात कोणता रोग आहे, हे एकमेकांना कळवायचं, हे तिचं पहिलं काम. बुळकांडी १९२१ मध्ये ब्राझीलमध्येही पोचली आणि ब्राझीलनं आपली गुरं घेणं बंद केलं. पुढं १९६२ साली परवानगी दिली ती जनावरं आधी फर्नांडो दि नोरोन्या या समुद्रातल्या बेटावर अडकवून ठेवण्याच्या अटीवर. एवढी भीती! आणि त्याच ब्राझीलमध्ये आज मांसाच्या धंद्यातली बहुतेक गुरं आंध्रातल्या ओंगोल वंशाची आहेत.

म्हणजे आज परदेशी खरेदीदार ज्या आरोग्य दाखल्यांवर अडून बसतो, त्या व्यवस्थेची सुरुवात आपल्याच गुरांच्या एका खेपेतून झाली. नियम साहेबानं लादले म्हणून बोटं मोडणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

आपण हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. जनावरांच्या रोगांवरची देशातली पहिली मोठी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. असले जंतू भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीचा विषाणू शेळीच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य करायचा आणि त्याची लस बैलाला टोचायची, हे तंत्र तिथंच शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी विसाच्या दशकात बसवलं. १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम लागली. आमच्या आधीच्या पिढीतल्या पर्यवेक्षकांनी थर्मासात बर्फ घालून लस वाड्या-तांड्यांवर नेली. बर्फ वितळला की लस मेली, आणि बर्फ मिळायचा तालुक्याला.

टोचणीनं रोग मागं हटला, पण दाखला काही मिळेना. इथं नियमाची खरी मेख होती. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही रोगाविरुद्धची तीच प्रतिपिंडं सापडतात, जी रोगातून उठलेल्या जनावरात सापडतात. रक्तावरून दोघांतला फरक कळत नाही. मग विषाणू खरंच संपलाय की लशीखाली दबून बसलाय, हे कसं सिद्ध करायचं? एकच मार्ग: लस बंद करायची आणि डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचं. १९९२ ला निर्मूलनाचा नवा प्रकल्प सुरू झाला, त्याला युरोपाचा पैसा होता. नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्यानं लस थांबली. शेतकरी आम्हाला म्हणायचे, चांगली फुकटची लस, तीही सरकारनं बंद केली. बिनलशीच्या जनावरांचं रक्तजल काढून बर्फातून तपासणीला पाठवताना आम्हालाही धाकधूक असायचीच. एका गावात जरी ती निघाली असती, तरी घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं असतं.

निघाली नाही. मे २००४ मध्ये भारत रोगमुक्त ठरला, मे २००६ मध्ये संसर्गमुक्त. २०११ साली जगातूनच बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून गेलेला हा दुसराच रोग.

दरम्यान व्यापाराचे नियम कडक झाले होते. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा आरोग्यविषयक करार लागू झाला आणि पॅरिसच्या त्या कचेरीच्या मानकांना व्यापारी वजन आलं. रोगाचं निमित्त करून माल अडवायचा तर शास्त्रीय आधार दाखवा, आणि देशाचा एखादा भाग रोगमुक्त असेल तर त्याला वेगळं धरा, असं तो करार म्हणतो. याचा फटका आपल्यालाही बसला. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, कोंबड्यांचे ढीग पुरावे लागले. पुढं बाहेरच्या देशांत बर्ड फ्लू निघाला की भारत त्या अख्ख्या देशाचा माल बंद करी. अमेरिका त्याच संघटनेकडं तक्रार घेऊन गेली आणि जून २०१५ मध्ये आपण अपिलातही हरलो. निकाल मला पटतो. दाखला मागणाऱ्यानं दुसऱ्याचाही दाखला वाचायला हवा.

आता पाळी लाळ्या-खुरकुताची. हा रोग बुळकांडीसारखा दावण रिकामी करत नाही. बैल लंगडतो, दूध आटतं, जनावर बहुधा जगतं, म्हणून शेतकरी त्याला मनावर घेत नाही. परदेशी गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदा त्याचंच विचारतं. हा रोग आहे म्हणून भारतीय म्हशीच्या मांसाला चांगला भाव देणारे कित्येक देश बंद आहेत. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त घेतात, तेही हाडं काढून. २०१९ मध्ये केंद्रानं देशभर लसीकरण सुरू केलं आणि निर्मूलनासाठी २०३० हे साल धरलं. कानात बारा आकडी बिल्ला त्याचसाठी. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, असं महाराष्ट्रात जून २०२४ पासून ठरलं.

बिल्ल्यावरून बाजारात हुज्जत होतेच. “माझा गोऱ्हा काय इलायतेला चाललाय?” असं परवा एकानं भर गर्दीत विचारलं. निवृत्त माणूस म्हणून मला मध्ये पडायचा अधिकार नव्हता, तरी पडलो. म्हटलं, गोऱ्हा नाही चालला. पण साथ आली की गावाचा बाजार आधी बंद होतो, २०२२ ला लम्पीत झाला तसा, आणि तेव्हा कोणतं जनावर कुठून आलं हे याच आकड्यावरून काढावं लागतं. तो म्हणाला, मग लस टोचणारा माणूस वेळेवर पाठवा.

दवाखान्यातल्या रिकाम्या जागा मला ठाऊक आहेत. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.