होकार कोण देणार? धसईचे यंत्र, सावकाराची हुंडी आणि पर्यायी व्यवस्थेचा इतिहास

१/१२
१ डिसेंबर २०१६. नोटाबंदीला तीन आठवडे उलटून गेले होते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे सुमारे १० हजार वस्तीचे गाव त्या दिवशी महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उपस्थित होते. पुढाकार स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान व बँक ऑफ बडोदा यांचा होता.

२/१२
वाण्याच्या दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे आली. मात्र हे यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते दुकानदाराच्या बँकेमार्फत ग्राहकाच्या बँकेच्या सर्व्हरला विचारते, ‘द्यावेत का?’ तिकडून ‘हो’ आले, तरच पावती निघते. मोबाइलची रेंज गेली अथवा सर्व्हर बंद पडला, तर खात्यात पैसे असूनही माणूस रिकाम्या हाताने परततो.

३/१२
होकार देणारा एकच असेल आणि तोच गप्प झाला, तर व्यवहार कसा चालावा? हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. मुरबाड तालुक्यातूनच नाणेघाट चढतो. सातवाहनकाळापासून जुन्नर आणि कोकणची बंदरे जोडणारी ही वाट. अशा घाटवाटांनी रोकड नेणे म्हणजे लुटीला आमंत्रण. त्यावर व्यापाऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे हुंडी.

४/१२
एका गावी सावकाराकडे रक्कम भरायची, त्याने लिहिलेली हुंडी घेऊन निघायचे आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर ती वटवायची. येथेही होकार दूरच्या माणसाच्या हाती होता. आणि धोके दोन होते: कागद वाटेत हरवणे, किंवा पेढीने पैसे देण्यास नकार देणे.

५/१२
पहिल्या धोक्यावर तोड होती ‘पैंठ’. मूळ हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत मिळे, तिला पैंठ म्हणत. तीही हरवली, तर तिसरी प्रत, म्हणजे ‘परपैंठ’. ही नावे वेगळी असण्यात मोठे शहाणपण आहे. कोणती प्रत कितवी, हे पेढीला कळलेच पाहिजे. अन्यथा एकाच रकमेचे पैसे दोनदा दिले जातील.

६/१२
दुसऱ्या धोक्यावर तोड होती ‘जिकरी चिठ्ठी’. हुंडी लिहिणारा किंवा तिच्या साखळीतील आधीचा एखादा व्यापारी त्याच गावातील तिसऱ्या माणसाच्या नावे पत्र देई: मुख्य पेढीने हुंडी नाकारली, तर आपण ती सकारावी. संकट येण्यापूर्वीच पर्यायी होकाराची सोय लावून ठेवलेली असे.

७/१२
आता १९८८ सालाकडे येऊ. महागडी सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकासाठी विकत घेणे परवडत नसे. म्हणून काही मोजके परवाने एका लायसन्स सर्व्हरवर ठेवून सर्वांनी ते आळीपाळीने वापरण्याची पद्धत रूढ होऊ लागली. ‘फ्लेक्सएलएम’ ही त्यासाठीची प्रसिद्ध प्रणाली याच वर्षीची.

८/१२
सोय झाली, तसा जुना धोकाही परतला. तो एक सर्व्हर बंद पडला, की साऱ्या कार्यालयाचे काम थांबते. परवान्याच्या फाइलची प्रत काढून ठेवली तरी सहसा भागत नाही, कारण परवाना विशिष्ट यंत्राच्या ओळखक्रमांकाशी बांधलेला असतो. प्रत सहज चालली असती, तर दहा परवान्यांचे वीस झाले असते. पैंठेमागची भीती हीच होती.

९/१२
त्यावर काढलेला एक मार्ग म्हणजे तीन सर्व्हरची त्रयी. तिघांपैकी कोणतेही दोन चालू असले, की परवाने मिळत राहतात. एकच पुरेसा का मानत नाहीत? समजा, मधली जोडणी तुटली आणि दोन तुकडे पडले. एकट्यालाही अधिकार असता, तर दोन्ही तुकड्यांनी तेच परवाने वाटले असते. बहुमत मात्र एकाच बाजूला असू शकते.

१०/१२
दुसरा मार्ग मर्यादित विश्वासाचा. काही प्रणालींत परवाना ठराविक दिवसांसाठी लॅपटॉपवर उसना नेता येतो. मग सर्व्हरशी संपर्क नसला तरी चालते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये ऑफलाइन देयकांची चौकट आणली, तिचे तत्त्व हेच: एका वेळी २०० रुपये, एकूण २,००० रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५०० रुपये झाली. न विचारता दिलेला होकार चुकला, तरी तोटा लहान राहावा.

११/१२
२०१६ च्या धसईत ही चौकट नव्हती. संपर्क तुटला की उरे ती रोकड, आणि तिचीच तर टंचाई होती. परिसरातील ज्या गरीब कुटुंबांकडे कार्डच नव्हते, त्यांच्यासाठी मुळात पहिलाच मार्ग बंद होता. चलनात नोटा पुरेशा आल्या, तशी धसईच्या बाजारातही रोकड परतली, हे पुढे वृत्तपत्रांनी नोंदवले.

१२/१२
म्हणून धसईची कथा केवळ यशाची किंवा फसगतीची ठरवून मिटवू नये. हुंडीच्या व्यवहारात पैंठ आणि जिकरी चिठ्ठी यांना स्वतःची नावे होती, रीत होती, जबाबदार माणूस होता. कोणतीही नवी व्यवस्था अभ्यासताना तीन प्रश्न विचारावेत: होकार कोण देतो? तो गप्प झाल्यास दुसरा कोण? आणि तो दुसरा बोलू लागल्यावर एकच गोष्ट दोनदा दिली जाणार नाही, याची हमी काय?