हेमाडपंतांच्या आधीची बांधणी

परभणी-परळी लोहमार्गावरचे पोखर्णी हे गाव ओळखले जाते ते नृसिंहाच्या मंदिरामुळे, आणि ते मंदिर हेमाडपंती आहे असे मराठवाड्यात कोणीही सांगेल. हेमाडपंती म्हणजे चुन्याविना रचलेले दगडी बांधकाम आणि त्याचा जनक म्हणजे देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप (दप्तरप्रमुख) हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे. हेमाद्रीने महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांचा कारभार पाहिला, म्हणजे त्याचा काळ 1260 नंतरचा. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख मात्र शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. खांब, त्यांवर तुळया आणि वर थराथराने पुढे काढलेले दगड ही रचना तिथे पूर्ण वयात आलेली दिसते. हेमाद्रीने मंदिरे बांधवली असतील, या बांधणीला राजाश्रयही मिळवून दिला असेल. पण ती त्याच्या हाती आली ती तयार होऊनच. तिचे कूळ शोधायचे तर दरबार सोडून दगडावर येणाऱ्या भाराकडे वळले पाहिजे.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण फार थोडा. आडव्या तुळईची खालची बाजू ताणली जाते, म्हणून ती मोडते ती खालून. गाळा दुप्पट केला तर स्वतःच्याच वजनाने तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो. पाथरवटाने यावर काढलेली तोड खांबाच्या माथ्यावर दिसते. तिथले दगडी हात दोन्ही बाजूंनी पुढे येतात आणि तुळईचा उघडा भाग कमी करतात. आठ फुटांचा गाळा सहा फुटांवर आला की तो जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. छताचेही तसेच. चौकोनाचे चार कोपरे तिरप्या फरश्यांनी झाकले की आत आडवा फिरलेला लहान चौकोन उरतो. फरश्या बाजूंच्या मध्यापर्यंत आल्या तर त्याचे क्षेत्रफळ निम्मे होते. असे दोन थर झाले की उघडी जागा चतकोर राहते आणि ती एका दगडाने झाकता येते. जिथे थर पुढे काढत वर जायचे, तिथे नियम आणखी कडक. पुढे आलेल्या भागाचे वजन दगडाला खालच्या कडेवरून उलटवू पाहते आणि मागच्या शेपटावर बसलेले ओझे त्याला धरून ठेवते. वजन गुणिले कडेपासूनचे अंतर, हा हिशोब मागच्या बाजूला जास्त भरला पाहिजे. सारख्या मापाचे चार दगड नुसते तोलून रचले तरी वरचा दगड खालच्या आधाराच्या कडेपलीकडे पूर्ण बाहेर जाऊ शकतो, हे गणिताने सिद्ध होते. तो तोल अगदी काठावरचा असतो, म्हणून कारागीर इतका पुढे जात नाही. शेपटावर आणखी दगड चढवतो. शिखराचे वजन छताला नुसते ओझे नसते, ते छताला जागेवर ठेवते.

चुना टाळण्यामागे काय होते? चुना माहीतच नव्हता, हे उत्तर टिकत नाही; अजिंठ्याच्या चित्रांखाली चुन्याचा हात आहेच. दगडांना खाचा आणि कुसवे करून ते एकमेकांत अडकवले म्हणून चुना लागला नाही, हे दुसरे उत्तर अर्धेच खरे आहे. खाच दगडाला सरकू देत नाही, पण उलटू पाहणाऱ्या दगडाला खाली दाबून ठेवते ते वरचे वजन. मला पटणारे कारण परभणीच्या जमिनीत आहे. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर सगळे खांब वर्षानुवर्षे एका पातळीत राहतील याची खात्री देता येत नाही. दोनच टोकांवर टेकलेल्या तुळईचा एक खांब थोडा खचला, तर तुळई किंचित कलते; दोन्ही खांबांवर येणारा भार जवळपास तितकाच राहतो, कारण तो निव्वळ समतोलाच्या समीकरणांतून ठरतो. तीच तुळई तीन खांबांवर सलग टाकली तर एक खांब खचताच भाराची वाटणी बदलते आणि दगड तडकतो. म्हणून प्रत्येक गाळ्याला वेगळी तुळई आणि तिचा चुन्याविना मोकळा ठेवलेला सांधा खांबाच्या माथ्यावर, ही पद्धत मला दुबळेपणाची खूण वाटत नाही; ती जाणून केलेली निवड आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. युरोपीय गणितज्ञ स्टेव्हिनचे स्थितिशास्त्र 1586 मधले, बले जोडण्याची फ्रेंच गणितज्ञ व्हारिन्योंची मांडणी 1687 मधली. बाराव्या-तेराव्या शतकातल्या पाथरवटाच्या माथी हे ज्ञान मारणे म्हणजे आजचा चष्मा जुन्या डोळ्यांवर चढवणे नव्हे का? त्याच्याकडे समीकरण नव्हते, हे मान्य. पण शेपटावर किती वजन ठेवायचे आणि हात किती पुढे काढायचा याचे माप त्याच्याकडे होते आणि ते पिढ्यानुपिढ्या पुढे गेले. चुकलेले छत कोसळले, बरोबर आलेले पुढच्या मंदिरात पुन्हा उभे राहिले. सिद्धांताआधी तंत्र असेच घडते. व्हारिन्यों वाचून आपल्याला कळते ते एवढेच, की ते माप का बरोबर होते.

या बांधणीची एक मर्यादा मात्र खरी आहे. हा सगळा तोल उभ्या भारासाठी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी हजारो माणसे मारली. आडवा धक्का आला की एकमेकांना न बांधलेला दगड केवळ वजनाच्या बळावर टिकत नाही, आणि मंदिराची बांधणी कितीही सुबक असली तरी तिलाही हा नियम चुकत नाही. म्हणून जुनी मंदिरे दुरुस्त करताना ती बळकट करू नयेत असे नाही. ती कशाने उभी आहेत हे आधी समजून घ्यावे. सांध्यांत सिमेंट भरले की सुटे दगड एकजीव होतात, खांब खचला की सांधा हलायचा तिथे दगडच फुटतो. छतावर काँक्रीटचा थर ओतला की ते वजन शेपटाऐवजी पुढे आलेल्या टोकावर पडू शकते. गावोगावच्या देवस्थान समित्यांना एवढेच सांगणे आहे: जीर्णोद्धाराचा ठराव करण्याआधी पुरातत्त्व खात्याचा आणि दगडकामाच्या जाणकाराचा सल्ला घ्या, आणि सांध्यात सिमेंट घालू देऊ नका.