कचेरी सुटल्यानंतरचे तास कोणाचे?

१/ डिसेंबर १९३२. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. प्रांतिक सरकारने परिपत्रक काढले: सरकारी नोकरांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघात सहभागी होऊ नये. संघाची स्थापना १९२५ साली याच शहरातली. शाखा भरे ती कामाच्या वेळेबाहेर. तरी त्या वेळेचाही जाब सरकार मागू लागले.

२/ पुढे हेच बंधन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नोकरांवर आले आणि १९३४ मध्ये प्रांताच्या कायदेमंडळात त्यावर खडाजंगी झाली. सरकारच्या भूमिकेमागे एक जुने तत्त्व होते: सरकारी नोकरी राजाच्या मर्जीवर चालते. मर्जी संपली की भाकरी संपली.

३/ स्वतंत्र भारताच्या संविधानाने हे तत्त्व अनुच्छेद ३१० मध्ये ठेवले; पण त्याला अनुच्छेद ३११ चा लगाम घातला. आरोप सांगितल्याशिवाय आणि बाजू मांडू दिल्याशिवाय बडतर्फी नाही.

४/ या लगामाची कसोटी लवकरच लागली. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने १९४९ मध्ये रेल्वेसाठी खास नियम झाले. त्यांच्या आधारे बंगाल-नागपूर रेल्वेच्या काही कर्मचाऱ्यांना कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून कमी करण्यात आले. प्रश्न त्यांच्या कामाच्या प्रतीचा नव्हताच, संगतीचा होता. त्यांनी नागपूर उच्च न्यायालयात दाद मागितली.

५/ तेथे यश आले नाही. डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. निकालाचा आशय असा: संघटना स्थापण्याचा मूलभूत अधिकार आहे, सरकारी नोकरीत राहण्याचा नाही, आणि सेवेत मिळवलेले लाभ काढून घेतले नसल्याने ही बडतर्फीची शिक्षाही नव्हे. हक्क शाबूत राहिला, चूल मात्र विझली.

६/ उजवा असो वा डावा, शस्त्र एकच होते. ते बोथट व्हायला १९८३ उजाडले. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाने संघ व जनसंघाच्या कार्यक्रमांत पूर्वी भाग घेतला होता, असा पोलीस अहवाल आला आणि त्याची नोकरी गेली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालात बजावले की, सेवेत येण्यापूर्वीच्या राजकीय मतांसाठी माणसाला नोकरीबाहेर ठेवणे संविधानाला धरून नाही.

७/ गिरणी-कारखान्यांत तोच प्रश्न वेगळ्या वेशात आला. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने गैरवर्तनाचे प्रकार लेखी ठरवून देणे मालकांना भाग पडले. त्यांत दारू पिऊन दंगा करणे हेही असे. पण तो दंगा घरी केला तर? कोळसा खाणीच्या एका खटल्यात १९६१ मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी रेघ आखली: असा नियम साधारणतः कामाच्या जागी आणि कामाच्या वेळी लागू होतो. त्या खटल्यात मात्र कामगारांची वसाहत खाणीलगत असल्याने तेथील वर्तनही नियमात धरले गेले.

८/ म्हणजे निर्णायक ठरतो तो कामाशी असलेला संबंध. एखादी सवय समाजाला आवडत नाही, एवढ्यावर भागत नाही. आजही अशा प्रसंगी तीन गोष्टी तपासाव्यात: नियम लेखी आहे का? वर्तनाचा कामावर परिणाम होतो का? रीतसर चौकशी झाली का?

९/ वाद अजून शमलेला नाही. १९६६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरांना संघ व जमाते इस्लामीच्या कार्यापासून दूर राहण्यास सांगितले. जुलै २०२४ मध्ये त्यातील संघाचा उल्लेख वगळला. राजकीय पक्षाचे सदस्यत्व मात्र सरकारी नोकरांना आजही वर्ज्य आहे. परवानगी देणारा आणि काढून घेणारा हात एकच असतो; म्हणूनच आपल्याला न पटणाऱ्या माणसाची नोकरी जाते तेव्हाही नियमाची चौकशी करावी. नागपूरच्या इतिहासात तोच नियम पुढच्या वेळी विरुद्ध बाजूवर उलटलेला दिसतो.