अडीचकी ते पदवी: दुकानदारीच्या शिक्षणाची गोष्ट

पंतोजींच्या शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकत, ती केवळ छडीच्या धाकाने नव्हे. रुपयाचे १६ आणे आणि पक्क्या मणाचे ४० शेर असलेल्या बाजारात अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ नसलेल्याला गल्ल्यावर कोण बसवणार? हिशेबाची किल्ली साधी होती. मणाला जितके रुपये, तितक्याच आण्यांना अडीच शेर. गहू ८ रुपये मण असेल, तर अडीच शेरांचे ८ आणे आणि पाच शेरांचा रुपया. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत वाणी आकडा सांगून मोकळा.

बाकीचं शिक्षण दुकानातच होई. नात्यातला किंवा गावाकडचा पोरगा आधी झाडलोट करी, पुड्या बांधी, मग तराजू धरी. रोजकीर्द आणि खतावणी त्याच्या हाती यायला वर्षं जात. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला गोड बोलून वाटेला लावायचं, हे सगळ्यात शेवटी कळे. या उमेदवारीचे गोडवे गायला नकोत. मेहनताना नाममात्र, आणि दार उघडायचं ते जात-नात्याच्या ओळखीवर. भाजी-मासळीचा बाजार बायकांच्या जिवावर चाले. पेढीवर मात्र मुलगी शिकाऊ म्हणून बसलेली दिसत नसे.

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ख्याती. वाणिज्याच्या पदवीने बँका, विमा कंपन्या आणि हिशेबतपासनिसांच्या कचेऱ्यांची वाट मोकळी केली. दुकानाचा ओटा मात्र अभ्यासक्रमाबाहेरच राहिला. शिकलेल्या मुलाने तागडी धरायची, हे मध्यमवर्गाला कमीपणाचं वाटे, आणि ती अढी अजून पुरती गेलेली नाही.

१ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर. अडीचकीचं काम संपलं.

दुकान चालवण्याची नवी रीत मुंबईत त्याआधीच उगवली होती, तीही व्यापाऱ्यांच्या नव्हे तर कामगारांच्या वस्तीत. १९४८ साली नायगावात सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ सुरू झाला. पुढे शेअरबाजारात नाव कमावलेल्या राधाकिशन दमाणींनी किरकोळ व्यापारात पाऊल टाकलं ते नेरुळमध्ये याच ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी घेऊन. बी.कॉम. अर्धवट सोडलेल्या या माणसाने २००२ साली पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं. पदवी सोडली तरी उमेदवारी चुकली नाही, असंच म्हणायचं.

१९९१ साली अंधेरीत शॉपर्स स्टॉप आणि २००१ साली बिग बझार सुरू झालं, तेव्हा शेकडो अनोळखी माणसांच्या हाती दुकान सोपवायची वेळ आली. मालकाच्या डोक्यातलं ज्ञान आता कागदावर उतरवणं भाग होतं: कोणता माल नजरेच्या उंचीवर मांडायचा, किती दिवसांत फिरवायचा, चोरी-मोडतोडीची घट कशी धरायची. रिटेल मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम या गरजेतून फोफावले. २०१४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘बी.व्होक.’ पदवीची चौकट आखली. तिच्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळतात; म्हणजे पुड्या बांधणं अखेर गुणपत्रिकेत आलं. ओळखीपाळखीविना, मुलींसकट कुणालाही या धंद्यात शिरता येतं, हे या पदवीचं खरं देणं.

पण पदवी म्हणजे विमा नव्हे. एकेकाळी या क्षेत्राचं चालतंबोलतं पाठ्यपुस्तक मानलं गेलेलं बिग बझार कर्जाखाली दबलं आणि २०२२ साली त्याची मालक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एवढं जरूर विचारावं: तीन वर्षांतले किती महिने प्रत्यक्ष दुकानात उभं राहायचं आहे, आणि त्या महिन्यांचे पैसे मिळणार आहेत का?