आजोबांची डिलाइट आणि चार ड्रम

गेले तीन वीकांत आमच्या घरात एकाच विषयावर खल चालू आहे. गोडदेवला बिल्डिंगखाली ताडपत्रीत झाकून ठेवलेली आजोबांची १९७० सालची फियाट डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलंय. इंजिनाचं जमेल, पत्र्याचंही जमेल. गाडी अडलीय ती ब्रेकपाशी. बाबा म्हणतात, मूळचे ड्रम ब्रेकच ठेवायचे. मिस्त्री म्हणतो, "पुढे डिस्क टाकून घ्या, शेठ." मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी जुना कोड वाचायचा, मग हात लावायचा, ही आमची रीत. तर वाचून काढलेला हा इतिहास...

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवात डॉज-प्लिमथपासून झाली. १९५० च्या दशकात फियाटशी करार होऊन ११०० आली, १९६४ मध्ये डिलाइट, आणि १९७४ मध्ये त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. चारही चाकांना ड्रम. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑईल पुढे ढकललं जातं, व्हील सिलिंडर ब्रेक शू पसरवतो आणि शू आतून ड्रमवर घासतात. त्या काळाला साजेशी, सरळ व्यवस्था.

पण जग थांबलं नव्हतं. डिस्कचं पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतलं होतं, आणि १९५३ मध्ये डिस्कवाल्या जॅग्वारने ल मॉंची शर्यत मारल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले. आता गंमत बघा. खुद्द फियाटने इटलीत १९६६ साली ११०० आर काढली, तिला पुढे डिस्क होत्या! म्हणजे आजोबांनी गाडी घेतली त्याच्या चार वर्षं आधीच तिच्या सख्ख्या बहिणीचे ब्रेक सुधारले होते. आपल्याकडे मात्र पुढेही कित्येक वर्षं ड्रमच. का? तर परवान्यांचा जमाना होता, आयातीवर बंधनं होती, आणि गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. रांगेतल्या गिऱ्हाइकासाठी माल कोण सुधारणार?

ड्रम वाईट असतात असं नाही, त्यांना उष्णता सोसत नाही इतकंच. थोडं गणित करू. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ७२ किमीवरून थांबवायची, तर २४० किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात एक लिटर पाणी ३० अंशांवरून ८७ अंशांवर जाईल, म्हणजे चहाचं आधण जवळजवळ तयार! खंडाळ्याचा घाट उतरताना आपण सुमारे ५५० मीटर खाली येतो. फक्त ब्रेकवर उतरलो, तर अशी सत्तावीस आधणं. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जातं. उघड्या डिस्कला वारा लागतो, ती लवकर निवते. आजोबांना हे गणित येत नव्हतं, पण ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा त्यांचा नियम होता. घाटात कुणी गप्पा मारलेल्याही चालायच्या नाहीत :-)

मग सरळ डिस्क टाकावी का? इतकं सोपं नाही. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच शू आणखी आत ओढला जातो, डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही. म्हणजे बूस्टर हवा. पुढचे-मागचे ब्रेक जुळले नाहीत, तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरणार. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी हवी, तर ती मूळ रूपात हवी, बॉडी-इंजिनात फेरफार नको.

माझ्या मते डिस्कपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या गाडीत चारही चाकांना ऑईलची एकच लाईन. एक रबरी पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. आमच्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणून पहिलं काम दोन लाईनींचा मास्टर सिलिंडर. दुसरं, नवे पाइप आणि ताजं ऑईल. हे ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू २०५ अंश, ओल धरल्यावर १४०. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. तिसरं, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रम उघडल्यावर फुंकर मारायची नाही. मिस्त्रीलाही मारू द्यायची नाही.

शेवटी तह झाला. कुठेही न कापता, वेल्डिंग न करता बसत असेल तरच पुढे डिस्क. जुने ड्रम तेल लावून, चिठ्ठी डकवून माळ्यावर. नाहीतर ड्रमच, पण दोन लाईनींवर. बाबांना पटलं. ही गाडी बाटवणं नव्हे, १९६६ साली तिच्या वाट्याला यायचं होतं ते उशिरा देणं आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. आता या गाड्या उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या ताडपत्रीखाली. कधी रॅलीला पुण्याकडे गेलोच, तर येताना घाट दुसऱ्या गिअरातच उतरणार. डिस्क असो वा नसो.