दुःख कोणत्या भाषेत विचारायचे?

१९८९ साली भूतानच्या सरकारने दक्षिणेकडील शाळांतून नेपाळी भाषा काढून टाकली. तेथील नेपाळीभाषक लोकांना भूतानमध्ये ‘ल्होत्शाम्पा’, म्हणजे दक्षिणेकडचे, असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते हिमालयाच्या पायथ्याची जंगलपट्टी साफ करून शेती करीत आले होते. १९५८च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले, १९८५च्या कायद्याने त्याच्या अटी आवळल्या, आणि १९८८च्या जनगणनेत १९५८ सालच्या वास्तव्याचा कागदोपत्री पुरावा मागण्यात आला. १९९० साली निदर्शने झाली, त्यामागोमाग अटक आणि छळ आला. पुढील दोन-तीन वर्षांत हजारो कुटुंबे पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत येऊन पडली. त्या दशकाच्या मध्यापर्यंत छावण्यांतील माणसांची संख्या ९० हजारांच्या आसपास गेली.

सीमाभागातील वाचकाला या हकिगतीतील काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. तरीही आम्ही येथे तुलना करणार नाही. आमच्यावर घरदार सोडण्याची पाळी आलेली नाही, आणि दुसऱ्याच्या हालांवर आपल्या मागणीची पाटी लावणे शोभणारे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या भाषेवर घाव बसला, त्यांच्याकडे पुढे डॉक्टर आणि संशोधक छापील प्रश्नावली घेऊन आले आणि ‘तुम्हाला काय होते आहे?’ असे विचारू लागले. हा प्रश्न कोणाच्या भाषेत घडला होता? आणि त्यातून जे आकडे निघाले, ते नेमके कशाचे होते?

या प्रश्नावलीचे मूळ अमेरिकेत आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९५०च्या दशकापासून लक्षणांच्या याद्या तयार होत होत्या. त्यांतूनच ‘हॉपकिन्स सिम्प्टम चेकलिस्ट’ घडली. निर्वासितांसाठी पुढे तिचे २५ प्रश्नांचे रूप रूढ झाले. पहिले १० प्रश्न चिंतेचे आणि उरलेले १५ उदासीनतेचे. प्रत्येक प्रश्नाला ‘मुळीच नाही’पासून ‘अतिशय’पर्यंत चार उत्तरे असतात आणि त्यांना १ ते ४ गुण मिळतात. सरासरी १.७५च्या वर गेली की त्या माणसाला मदतीची गरज आहे असे धरायचे. काम सोपे आहे, थोड्या वेळात होते, आणि साधे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यालाही करता येते. ज्या छावणीत हजारो माणसांमागे एखादाही मानसोपचारतज्ज्ञ नसतो, तेथे अशा साधनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही.

अडचण सुरू होते ती शब्दांपाशी. मूळ यादीतील एका प्रश्नात उदास वाटण्यासाठी ‘ब्लू’ हा शब्द आहे. इंग्रजी माणसाला मन खिन्न झाले की ‘निळे’ वाटते. आता भाषांतर पारखण्याची एक रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७०च्या लेखानंतर सर्वत्र मान्य झाली. एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत आणायचे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ जुळतात का ते पाहायचे. पण समजा, एखाद्याने ‘निळे वाटणे’ असे शब्दशः भाषांतर केले. उलट भाषांतर करणारा ते बिनचूक ‘ब्लू’ असेच परत आणील. दोन्ही पाठ तंतोतंत जुळतील, परीक्षा उत्तीर्ण होईल, आणि ज्याला प्रश्न विचारायचा तो शेतकरी मात्र विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. इंग्रजी पाठांची जुळणी म्हणजे अर्थाची जुळणी नव्हे, ही साधी गोष्ट तज्ज्ञांच्या गळी उतरायला बराच काळ लागला.

व्हिएतनामी निर्वासितांबरोबर काम करणाऱ्या काहींना ती लवकर उमगली होती. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात डेव्हिड किन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली व्हिएतनामी भाषेतच घडवलेली उदासीनतेची मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यांनी इंग्रजी यादी भाषांतरित करण्याचा मार्ग सोडला. व्हिएतनामी माणूस खचतो तेव्हा कोणते शब्द वापरतो येथून त्यांनी सुरुवात केली. त्यामुळे लाज वाटणे, मानहानी झाल्यासारखे वाटणे, असे इंग्रजी यादीत नसलेले प्रश्न तिच्यात आले. बॉस्टनमध्ये रिचर्ड मोलिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली इंडोचायनातील निर्वासितांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांनी दुसरा मार्ग धरला. हॉपकिन्सची यादीच त्यांनी ख्मेर, लाओ आणि व्हिएतनामी भाषांत आणली. १९८७ साली ते काम प्रसिद्ध झाले आणि जगभर पसरले ते हेच. आमच्या मते पहिला मार्ग अधिक प्रामाणिक होता आणि दुसरा अधिक सोयीचा. एकच यादी सगळीकडे वापरली की आकडे शेजारी-शेजारी मांडता येतात, आणि संस्थांना तेच हवे असते.

मोलिका यांचा गट भाषेबाबत बेफिकीर होता असे कोणी समजू नये. त्यांनी त्या-त्या समाजातील माणसे सोबत घेतली होती. पण कंबोडियन माणसाची तक्रार २५ प्रश्नांच्या चौकटीबाहेर उरतच होती. डेव्हन हिंटन यांनी तिचा तपशीलवार अभ्यास केला. ख्मेर भाषेत वाऱ्याला ‘ख्यॉल’ म्हणतात. घाबरलेला कंबोडियन माणूस सांगतो की अंगातील वारा वर चढतो आहे, मान दुखते, कानांत गुंजन होते, डोके गरगरते, आणि हा वारा जीव घेईल अशी भीती त्याला वाटते. आपल्याकडे अजूनही ‘वात चढला’ म्हणणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार परके वाटणार नाही. इंग्रजी यादीत मानेचे दुखणे विचारलेलेच नव्हते. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या ‘ख्यॉल’च्या झटक्यांची नोंद झाली. ख्मेर रूजची राजवट कोसळून तोवर ३४ वर्षे झाली होती.

आता पुन्हा झापाकडे येऊ. तेथील छावण्यांत १९९०च्या दशकात मोठे काम झाले. छळ सोसलेले ५२६ आणि न सोसलेले ५२६ अशा निर्वासितांची तुलना करणारा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात हॉपकिन्सची २५ प्रश्नांची यादी नेपाळीतून वापरली गेली. दुसऱ्याच वर्षी त्या गटातील मार्क व्हॅन ओमेरेन आणि त्यांच्या नेपाळी सहकाऱ्यांनी भाषांतराच्या पद्धतीवरच एक लेख लिहिला. भाषेच्या अभ्यासकाने तो जरूर वाचावा असा आहे. प्रत्येक प्रश्नासाठी त्यांनी एक तक्ता ठेवला. प्रश्न समजतो का? तो चारचौघांत विचारण्याजोगा आहे का? या लोकांच्या जगण्याला तो लागू आहे का? मूळ अर्थ त्यात पुरता उतरला का? दुभाषी जाणकारांनी तपासलेला प्रश्न मग सामान्य माणसांच्या बैठकीत वाचला जाई, त्यांच्या म्हणण्यानुसार बदलला जाई, आणि त्यानंतरच उलट भाषांतराकडे जाई. शिकलेल्याने मंजूर केलेले वाक्य न शिकलेल्याने पारखायचे, ही त्यातली खरी नवी गोष्ट.

अशी पारख का लागते, हे नेपाळीतल्या दोन शब्दांवरून कळते. ‘मन’ आणि ‘दिमाग’. ब्रँडन कोर्ट आणि इयान हार्पर यांनी २००८ साली दाखवून दिले की नेपाळी माणूस भावना, आठवण, इच्छा मनात ठेवतो, आणि विवेक, विचार, समाजात नीट वागण्याची शक्ती दिमागात. मन दुखले तर ते कोणाचेही दुखते. दिमाग बिघडला म्हणजे माणूस वेडा, त्याच्या घरात मुलगी देताना लोक दोनदा विचार करणार. प्रश्नकर्त्याने ‘मानसिक रोग’ असा भारदस्त शब्द वापरला की ऐकणाऱ्याला दिमागाची शंका आल्यासारखे वाटते आणि तो ‘नाही’ म्हणतो. आघातासाठीही जड शब्दाऐवजी ‘मनको घाउ’, मनाची जखम, असे म्हटले की माणूस बोलू लागतो.

हे वाचताना आम्हाला आमचीच गावे आठवली. ‘मला नैराश्य आले आहे’ असे बेळगाव-खानापूरच्या खेड्यात आम्ही कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. जीव लागत नाही, मन थाऱ्यावर नाही, काळजाचे पाणी झाले, असे ऐकतो. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य मात्र आवाज खाली आणूनच बोलले जाते.

प्रश्नावली जे मोजल्याचा दावा करते, तेच ती खरोखर मोजते का, या गुणाला मानसशास्त्रात सप्रमाणता म्हणतात. हा गुण कागदाबरोबर सीमा ओलांडत नाही. प्रत्येक भाषेत तो नव्याने सिद्ध करावा लागतो. अफगाणिस्तानात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे आढळले की तो १.७५चा आकडा तेथे चालत नाही, पुरुषांसाठी तो १.५० आणि स्त्रियांसाठी २.२५ धरावा लागतो. म्हणजे जुनाच आकडा ठेवला असता तर मदतीची गरज असलेले पुरुष सुटले असते आणि गरज नसलेल्या बायका आजारी ठरल्या असत्या.

कोणता प्रश्न विचारायचा, हीसुद्धा सप्रमाणतेचीच बाब आहे. आमच्यापासून दूर नसलेल्या मुंडगोडला १९६०च्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे, तेथील भिक्षू आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. धरमशाला येथील तिबेटी निर्वासितांवरचा एक अभ्यास २००१ साली आला. त्यात धर्मचिन्हांची विटंबना डोळ्यांदेखत होणे ही त्यांना सर्वांत क्लेशकारक घटना वाटली. तुरुंग, मारहाण, उपासमार यांचीच यादी घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती ही गोष्ट लागलीच नसती.

२००२ साली अमेरिकेत मायकेल हॉलिफिल्ड आणि सहकाऱ्यांनी निर्वासितांच्या आरोग्यावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यांना वापरात असलेली १२५ मोजमापे सापडली. निर्वासितांमध्येच घडवलेली त्यांपैकी केवळ १२ होती.

२००८पासून झापाच्या छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. लाखाहून अधिक माणसे परदेशांत पुनर्वसित झाली, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत. तेथे फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत त्यांच्यातील १६ आत्महत्यांची नोंद झाली. सरकारी आरोग्यखात्याने चार राज्यांतील ४२३ जणांची पाहणी केली. जीव देण्याचा विचार मनात येतो असे सांगणारे ३ टक्के निघाले. हा आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परक्या देशात, सरकारी पाहणीत, हा प्रश्न कानी पडल्यावर खेड्यातील नेपाळी म्हातारा काय उत्तर देईल, एवढेच मनात येते.

पुढच्याच वर्षी, २०१३ साली, हॉलिफिल्ड यांच्या गटाने सिएटलमध्ये घडवलेली १५ प्रश्नांची नवी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. इराकी, ब्रह्मदेशी आणि भूतानी नेपाळी निर्वासितांमध्ये ती पारखलेली आहे. तिचा पहिला प्रश्न स्नायू, हाडे आणि सांधे यांच्या दुखण्याचा आहे. दुसऱ्यात इंग्रजी आवृत्तीतला तो ‘निळा’ शब्द राहूनच गेला. तिसरा प्रश्न फार विचार येतात का, हा आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी उत्तरांजवळ बरण्यांची चित्रे आहेत, रिकाम्या बरणीपासून काठोकाठ भरलेलीपर्यंत. आजीने बोट ठेवायचे. मात्र दुभाषा नसेल तेव्हा प्रश्न वाचून दाखवायला बहुधा शाळेत इंग्रजी शिकलेला नातूच शेजारी बसलेला असतो, आणि सतत उदास वाटते का, हे आजीला विचारण्याची पाळी त्याच्यावर येते.