नंतर नेसवलेलं सोवळं

माझ्याकडे झेरॉक्सचा एक पिवळा पडलेला कागद आहे, १९९७ सालचा. पुण्यातल्या आमच्या छोट्या फिल्म सोसायटीत दर महिन्याला एक जुना चित्रपट दाखवत असू. ज्याने तो सुचवला असेल त्याने एक पानाचं टिपण लिहायचं, अशी पद्धत होती. त्या महिन्यात पाळी माझी होती आणि चित्रपट होता वॉर्नर ब्रदर्सचा 'बेबी फेस', १९३३ सालचा. कुणीतरी अमेरिकेहून आणलेली व्हीएचएस कॅसेट, एकवीस इंची टीव्ही, पंचवीस-तीस माणसं. टिपणाच्या शेवटी मी मोठ्या ठामपणे लिहिलं होतं, 'कथानक कितीही धीट असलं तरी त्या काळाची नीतिमत्ता दिग्दर्शकाला ओलांडता आली नाही. नायिकेला शेवटी ताळ्यावर आणावंच लागलं.'

हे वाक्य चुकलं होतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

आल्फ्रेड ग्रीन यांच्या या चित्रपटात बार्बरा स्टॅनविक आहे लिली पॉवर्स. ईरी नावाच्या कारखान्यांच्या गावात तिच्या बापाचा चोरट्या दारूचा गुत्ता असतो आणि गिऱ्हाइकांपुढे तो पोरीलाच करत असतो. भट्टीच्या स्फोटात बाप मरतो. मग लिली तिच्या चिको या काळ्या मैत्रिणीला घेऊन मालगाडीतून न्यू यॉर्क गाठते, एका बँकेत चिकटते आणि एकेका पुरुषाच्या खांद्यावर पाय देत एकेक मजला वर चढते. कॅमेरा इमारतीच्या बाहेरून खिडक्या मोजत वर सरकतो, एवढ्यावरच आपल्याला तिची बढती कळते.

गावात लिलीला सल्ला देणारा एक म्हातारा चांभार आहे, नीत्शे वाचणारा. आमच्या कॅसेटमध्ये तो तिला सांगत होता की मार्ग दोन असतात, चांगला आणि वाईट, आणि वाईट मार्गाची किंमत फार मोठी असते. शेवटच्या प्रसंगात बँकेचे संचालक सांगतात की लिलीने आणि तिच्या नवऱ्याने सगळा पैसा बँक वाचवायला दिला आणि नवरा आता पोलादाच्या कारखान्यात मजुरी करतो. यावरच मी माझा निष्कर्ष उभारला होता.

२००६ च्या अखेरीस 'फॉरबिडन हॉलिवूड' नावाचा डीव्हीडी संच निघाला. तो माझ्या हाती पडला पुढच्या वर्षी. त्यात 'बेबी फेस' दोनदा होता, एक मला माहीत असलेला आणि दुसरा सुमारे पाच मिनिटांनी मोठा. या दुसऱ्यात तोच चांभार लिलीला उलटं सांगतो. तू तरुण आहेस, सुंदर आहेस, पुरुषांना वापर, त्यांनी तुला वापरण्याआधी. मालगाडीत पकडल्यावर लिली रेल्वेच्या माणसाला काय देऊन प्रवास पदरात पाडून घेते, तेही त्यात आहे. आणि शेवटी ना संचालक, ना पोलादाचा कारखाना. गोळी लागलेल्या नवऱ्याशेजारी लिली रुग्णवाहिकेत बसलेली आहे, तिथेच चित्रपट संपतो. तिचं पुढे काय होतं, हे प्रेक्षकाने ठरवायचं.

म्हणजे ज्याला मी 'त्या काळाची नीतिमत्ता' म्हटलं होतं, ते एका सेन्सॉर मंडळाच्या आक्षेपांचं निवारण होतं.

या चित्रपटांना 'प्री-कोड' म्हणतात. नाव जरा फसवं आहे, कारण कोड आधीच होता. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आपली आचारसंहिता मार्च १९३० मध्ये स्वीकारली. मार्टिन क्विग्ली हे चित्रपट व्यवसायाच्या नियतकालिकांचे कॅथलिक प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हे जेझुइट पाद्री, या दोघांचा तिच्या मसुद्यात मोठा वाटा होता. स्टुडिओंच्या संघटनेचे अध्यक्ष विल हेज, म्हणून ती 'हेज कोड' झाली. पण मंदीत थिएटरं ओस पडू लागली होती आणि कोड मोडणाऱ्याला धाक नव्हता. चार वर्षं तो बराचसा कागदावरच राहिला. कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं, तेव्हा जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाकडे खरी सत्ता आली. त्यांच्या शिक्क्याशिवाय चित्रपट लावला तर २५ हजार डॉलर दंड.

त्या चार वर्षांत कात्री नव्हतीच, असंही नाही. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये दिला होता आणि तो १९५२ पर्यंत टिकला. त्याच्या जोरावर न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांनी आपापली सेन्सॉर मंडळं चालवली. 'बेबी फेस' अडकला तो एप्रिल १९३३ मध्ये न्यू यॉर्कच्या मंडळात. एवढी मोठी बाजारपेठ सोडणं वॉर्नरला परवडणारं नव्हतं. चांभाराच्या तोंडी नवे संवाद घातले, शेवट बदलला आणि जुलैमध्ये चित्रपट लागला. त्यामुळे १९३३ च्या प्रेक्षकाने जे पाहिलं, जवळपास तेच मीही पाहिलं होतं. फक्त तो प्रेक्षक वर्तमानपत्रं वाचत होता, सेन्सॉरशी चाललेल्या भांडणांचा त्याला गंध असावा. मला मात्र तो चित्रपट जुन्या काळाचा साक्षीदार वाटत होता.

१९३४ नंतर जे झालं ते याहून वाईट. लोकांनी आधीच पाहिलेल्या चित्रपटांना मागे जाऊन हात घातला गेला. जुना चित्रपट पुन्हा लावायचा तर त्यालाही ब्रीन यांचा शिक्का हवा. काही चित्रपटांना तो मिळणारच नाही, हे ठरलेलं होतं. ते कपाटात गेले. बाकीच्यांना काटछाट करून परवानगी मिळे. पुन्हा प्रिंट काढायच्या तर काटछाट थेट मूळ निगेटिव्हवर करणं सोयीचं पडे. एकेका प्रिंटला कोण कात्री लावत बसणार? कापलेला तुकडा बहुधा कचऱ्यात जाई. रूबेन मामूलियन यांच्या १९३२ च्या 'लव्ह मी टुनाइट'मधला बराच भाग असाच गेला. झोपायच्या झिरझिरीत कपड्यात मिर्ना लॉय गाण्याची एक ओळ म्हणते, तोही त्यात होता. तो आजवर सापडलेला नाही. मार्क्स बंधूंच्या १९३० च्या 'ॲनिमल क्रॅकर्स'चं नशीब बरं. १९३६ मध्ये छाटलेले संवाद ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडच्या प्रिंटमुळे परत मिळाले, तेही ऐंशी वर्षांनी.

मग 'बेबी फेस' कसा वाचला? कुणी धाडसाने लपवून ठेवला म्हणून नव्हे. वॉर्नरचे जुने चित्रपट १९५६ मध्ये टेलिव्हिजनसाठी विकले गेले, पुढे युनायटेड आर्टिस्ट्सकडे आले आणि त्या कंपनीने १९६९ मध्ये नायट्रेट निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकल्या. २००४ मध्ये ओहायोतल्या डेटन इथल्या त्यांच्या साठ्यात जॉर्ज विलमन या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की या चित्रपटाच्या दोन निगेटिव्ह आहेत आणि त्यातली नक्कल मूळ निगेटिव्हपेक्षा लांब आहे. मूळ कापली गेली होती. नकलेकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. त्याच वर्षी लंडनच्या महोत्सवात ती दाखवली गेली आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत चित्रपटाचं नाव आलं.

सगळं पाप सेन्सॉरच्या माथी मारायचा मोह मलाही झाला होता. 'कन्व्हेन्शन सिटी' हा १९३३ चा चित्रपट आज उपलब्ध नाही. त्यात जोन ब्लाँडेल आणि अडॉल्फ मेंजू होते. तो इतका चावट होता की स्टुडिओने सगळ्या प्रिंट जाळून टाकल्या, अशी दंतकथा मीही चवीने सांगितली आहे. पण संशोधकांना स्टुडिओच्या नोंदींत सापडलं ते वेगळंच. निगेटिव्ह खराब झाली म्हणून १९४८ मध्ये ती मोडीत काढली गेली. जोन क्रॉफर्डचा 'लेटी लिंटन' (१९३२) दिसेनासा झाला तो एका नाटकाशी असलेल्या साम्यावरून, स्वामित्वहक्काच्या खटल्यात हरल्यामुळे. नीतीचा तिथे संबंध नव्हता.

नायट्रेट काय करतं हे आम्हा पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ही फिल्म ठेवल्या जागी चिकट होते, भुकटी होते आणि पेटली तर पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये इथल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा साठा आगीत गेला. बातमी वाचून दुसऱ्या दिवशी मी उगाचच लॉ कॉलेज रस्त्यावरून चक्कर मारून आलो. जळालेल्या डब्यांत काय होतं, त्यातलं कुठलं एकमेव होतं, हे आता यादीवरूनच कळायचं.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येतं, आणि पुराव्याला जुने चित्रपट असतातच. मी तेच विधान शिष्ट भाषेत लिहिलं होतं. आता कुठल्याही जुन्या चित्रपटाचा सोज्वळपणा पाहिला की मी आधी त्याची लांबी बघतो. तेव्हा किती मिनिटांचा होता, आज किती मिनिटांचा आहे. फरक असेल तर काळाबद्दल बोलण्याआधी थांबतो.

सोसायटी केव्हाच बंद पडली. त्या दिवशीच्या पंचवीस-तीस जणांपैकी चार-पाच जणांनाच मी नंतर माझी चूक सांगू शकलो. बाकीचे माझा निष्कर्ष घेऊन घरी गेले ते गेलेच. टिपण मी फाडलेलं नाही. खाली पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, 'वरील शेवट न्यू यॉर्कच्या सेन्सॉर मंडळासाठी जोडलेला आहे. तो त्या काळाचा समजू नये.'